गाणं अर्ध्यावर अडतं, जहाज लाटेवरच थबकतं: फ्रेंच ऑटोमॅटन घड्याळातली पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

तासाचे टोले पडतात, खालच्या पेटीतून सूर सुरू होतात, शिडाचं जहाज डोलायला लागतं, पुलावरून आगगाडी निघते. मग हळूहळू गाणं मंदावतं, जहाज नाक वर करून थबकतं आणि गाडी बोगद्याच्या तोंडाशी अडते. भरपूर चावी दिली की दोन-तीन वेळा सगळं झकास चालतं, पुढे पुन्हा तेच. सफाई करून आणलं तर काही महिने बरे जातात आणि मग तीच तक्रार परत येते.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर आणखी चावी देतात, नाही तर दिसेल त्या चाकावर तेल सोडतात. घड्याळ फारच हट्टाला पेटलं तर कुणीतरी 'स्प्रिंग कमजोर झाली' असं सांगून जास्त जाड स्प्रिंग बसवतो. या तिन्ही उपायांनी घड्याळाचं नुकसानच होतं. स्प्रिंगची ताकद सहसा पुरेशी असते. ती वाटेत कुठेतरी खाल्ली जाते, आणि ती जागा शोधणं हेच खरं काम आहे.

ही ऑटोमॅटन, म्हणजे हलत्या देखाव्याची, घड्याळं कशी घडली ते आधी समजून घ्यावं लागतं, कारण दोष शोधायची वाट तिथूनच निघते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या दुकानांत विकलं गेलेलं असं घड्याळ एका छपराखाली तयार झालेलं नसायचं. आतलं गोल पितळी यंत्र अनेकदा पूर्व फ्रान्समधल्या बोकूर गावच्या जापी फ्रेर कारखान्यातून किंवा नॉर्मंडीतल्या सँ-निकोला-दालिएर्मोंमधून कच्च्या स्वरूपात यायचं आणि पॅरिसच्या घड्याळजीच्या हातून पूर्ण व्हायचं. संगीताचं यंत्र बहुतेक वेळा स्विस असायचं, जिनिव्हाचं किंवा सेंत-क्रुआचं. पोलादी पट्ट्या छेडून सूर काढायची कल्पना जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र यांनी १७९६ मध्ये मांडली, त्याच परंपरेतलं हे यंत्र. देखावा मात्र तिसऱ्याच हातांचा: रंगवलेल्या कापडाचा समुद्र, पुठ्ठ्याचे कडे, कागदाची पानं, पत्र्याची पवनचक्की, धबधबा म्हणून फिरणाऱ्या पिळाच्या काचेच्या कांड्या.

म्हणजे एका काचेच्या घुमटाखाली तीन धंद्यांचं काम आहे. दुरुस्तीला गेल्यावर घड्याळजी घड्याळ बघतो, संगीतपेटीचा जाणकार पेटी बघतो आणि देखाव्याला 'शोभेचा भाग' समजून कुणीच हात लावत नाही. तक्रार परत परत येते ती यामुळे. माझ्या पाहण्यात दोष बहुतेक वेळा या तीन कामांच्या सांध्यावर किंवा थेट देखाव्यात निघतो.

(देखाव्यात गाणारी पाखरं असतील, पॅरिसच्या बोंताँ घराण्याच्या कामासारखी, तर तिथे भाता, शिट्टी आणि चामडं यांचा वेगळा संसार असतो. त्याची तपासणी निराळी, ती इथे घेत नाही.)

हात लावण्याआधी

संगीताच्या यंत्राचा वेग एक छोटा पंखा आवरून धरतो. सिलिंडरपासून, म्हणजे पिना बसवलेल्या फिरत्या नळ्यापासून, चाकांमागून चाकं वेग वाढवत जातात, शेवटी उभा पेच असतो आणि त्याच्या डोक्यावर हवेशी झुंजणारा पंखा. स्प्रिंगमध्ये ताण असताना हा पंखा, त्याचा कंस किंवा मधलं एखादं चाक सैल केलं, तर सिलिंडरला अडवणारं काहीच उरत नाही. तो क्षणात गरगर फिरतो, पिना वाकतात आणि तुटतात, पिना ज्यांना छेडतात त्या पोलादी पट्ट्यांच्या फणीचे दात उडतात. या घड्याळाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अपघात, आणि एकाच स्क्रूच्या घाईने तो होतो. म्हणून जो भाग उघडायचा त्याची स्प्रिंग आधी उतरवा, मगच स्क्रू ड्रायव्हर उचला.

इथे एक फसगत आहे. गाणं वाजून वाजून थांबलं म्हणजे स्प्रिंग रिकामी झाली, असं नसतं. चांगल्या यंत्रात स्प्रिंगच्या डबीवर माल्टीज क्रॉसच्या आकाराचं छोटं चाक असतं. स्प्रिंगचे अगदी सुरुवातीचे आणि अगदी शेवटचे वेढे ते वापरूच देत नाही, मधला सम ताकदीचा पट्टाच कामाला लावतं. त्यामुळे 'संपलेल्या' स्प्रिंगमध्येही बराच ताण शिल्लक असतो. तो उतरवण्यासाठी खास चावीने दांडा घट्ट धरून, क्लिक (दांड्याला उलटं फिरू न देणारा छोटा अडसर) बाजूला करून, थोडा थोडा सोडत जावं लागतं. हे कधी केलेलं नसेल तर इथून पुढचं काम जाणकाराच्या समोर बसून करा. निरीक्षणाचा भाग मात्र कुणालाही घरी करता येतो, आणि अर्धं निदान त्यातच होतं.

ते नेमकं कुठे थांबतं?

फोनवर चित्रीकरण करा. पूर्ण चावीपासून थांबेपर्यंत, घुमट काढून, जहाज आणि गाडी दोन्ही दिसतील अशा बेताने. असं चार-पाच वेळा करा आणि थांबण्याच्या जागा शेजारी शेजारी ठेवून पाहा. गाण्याचा एक फेरा म्हणजे सिलिंडरची एक प्रदक्षिणा, छोट्या यंत्रात साधारण मिनिटभराची. जहाजाच्या डोलण्याचा फेरा याहून बराच लहान असतो आणि दोन्ही फेरे एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. म्हणून थांबण्याची जागाच दोष कुणाचा ते सांगते.

थांबणं प्रत्येक वेळी गाण्याच्या त्याच सुरावर होत असेल, जहाज मात्र कधी वर, कधी खाली, कधी मध्ये असेल, तर दोष सिलिंडरच्या प्रदक्षिणेत आहे. वाकलेली पिन दाताखाली अडते, सिलिंडरच्या मोठ्या चाकाचा एखादा दात दुखावलेला असतो, किंवा थांबवणारा खटका वेळेआधीच खाली घसरतो. खटक्याचं टोक झिजलेलं असेल तर गाणं कधी अर्ध्यावर थांबतं, तर कधी न थांबता दुसऱ्यांदा वाजायला लागतं.

उलट, गाणं दर वेळी वेगळ्या जागी थांबतं पण जहाज नेहमी चढतानाच अडतं, किंवा गाडी नेहमी पुलाच्या त्याच टोकाला थबकते. मग दोष देखाव्याचा. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी तपासला जातो.

तिसरा प्रकार म्हणजे थांबण्याची जागा कुठलीही, पण नेहमी चावीच्या शेवटाकडे. गाणं आधी मंद होत होत रेंगाळतं आणि मग थांबतं. इथे घर्षण सगळीकडे थोडं थोडं वाढलेलं असतं, किंवा डबीवरचा माल्टीज क्रॉस कुणीतरी काढून टाकलेला असतो. तो नसला की स्प्रिंगचे शेवटचे दुबळे वेढेही गाण्याला जुंपले जातात आणि मालकाला वाटतं घड्याळ बिघडलं. डबीच्या झाकणावर रिकामं छिद्र किंवा क्रॉसच्या आकाराची फिकट खूण दिसते का ते जरूर बघा. जुन्या दुरुस्त्यांत हा तुकडा 'नडतो' म्हणून फेकलेला असतो.

एक सावधगिरी. गाण्यात जिथे बरेच सूर एकदम वाजतात, तिथे एकाच वेळी अनेक पिना अनेक दात उचलत असतात आणि यंत्रावर भार सर्वाधिक असतो. ताकद आधीच कमी पडत असेल तर ते तिथेच थांबेल, जरी त्या जागी काहीच वाकलेलं नसलं तरी. म्हणून 'त्याच सुरावर थांबतं' या खुणेवर विसंबण्याआधी तो सूर ऐका. एकटा नाजूक सूर असताना थांबलं तर पिन शोधा. भरगच्च सुरावटीवर थांबलं तर घर्षण शोधा.

देखावा सोडवून पाहणं

देखाव्याला ताकद कुठून मिळते ते आधी ठरवा. काही घड्याळांत जहाजाला स्वतःची स्प्रिंग असते, आणि संगीताशी त्याचं नातं चालू-बंद करणाऱ्या एका तारेपुरतं असतं. तिथे गाणं नीट वाजूनही जहाज थांबतं, किंवा उलट होतं, त्यामुळे गोंधळ कमी. इतरांत संगीताच्याच स्प्रिंगवर देखावा चालतो. तिथे एक जादा दातेरी चाक किंवा दोरीची कप्पी संगीताच्या यंत्रातून ताकद उचलते.

दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग उतरवून हा दुवा सोडा, मग थोडी चावी देऊन नुसतं गाणं वाजवा. दुव्यासह आणि दुव्याशिवाय एक फेरा किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजा. दुवा सुटल्यावर गाणं किंचित जलद होणं स्वाभाविक आहे. पण ते एकदम टवटवीत होऊन पूर्ण चावीभर न थकता वाजत राहिलं, तर संगीताच्या यंत्राला हात लावायचं कारण नाही. ताकद देखावा खातोय.

आता देखाव्याचं पहिलं चाक बोटाने अगदी हळू फिरवा. कुठे जड लागतं ते बोटाला कळतं. जहाज एका विकेंद्री (आस मध्यभागी नसलेल्या) चाकावर किंवा भुजेवर टेकलेल्या तारेने वर-खाली होतं. ही तार समुद्राच्या कापडातल्या छिद्रातून वर येते. मूळ कापड मऊ असतं आणि तारेबरोबर हलतं. कुणीतरी फाटलेलं कापड मागून कागद चिकटवून 'मजबूत' केलेलं असतं, नाही तर वरून नवा रंग दिलेला असतो. असा समुद्र पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि प्रत्येक लाटेला स्प्रिंगचा घास घेतो. छिद्राची कड तारेला घासत असेल तर तारेवर चकचकीत रेघ दिसते, तेच घासण्याचं ठिकाण. जहाज चढतानाच अडत असेल तर त्याच्या वजनाला तोलणारं काही होतं का ते बघा: शिशाचा छोटा तुकडा, बारीक स्प्रिंग. ते गळून पेटीच्या तळाशी पडलेलं अनेकदा सापडतं. म्हणून तळातला कचरा झटकून टाकण्याआधी पांढऱ्या कागदावर ओतून निवडा.

आगगाडी फितीवर किंवा बारीक साखळीवर ओढली जाते. फितीचा जोड बोगद्याच्या कडेला आपटतो, मग गाडी नेहमी तिथेच थांबते. पवनचक्कीची दोरी फार ताणलेली असेल तर ती कप्पीचा दांडा एका बाजूला ओढून धरते. दोरी निसटू नये एवढाच ताण हवा. काचेच्या पिळाच्या कांड्यांची टोकं पितळी टोपीत लाखेने बसवलेली असतात. लाख सुटली की कांडी तिरकी फिरते आणि खडकांना घासते. ती सरळ बसवून पुन्हा लाखेनेच धरावी, झटपट चिकटणाऱ्या रासायनिक गोंदाने नाही, कारण पुढच्या वेळी ती काढताना कांडी फुटते.

एक धोक्याची सूचना मनापासून देतो. एकोणिसाव्या शतकातल्या कृत्रिम पानांना आणि गवताला जो गडद हिरवा रंग दिला जाई, त्यात अनेकदा अर्सेनिक असे. १७७५ मध्ये आलेला शीले ग्रीन आणि १८१४ पासूनचा एमराल्ड ग्रीन हे दोन्ही अर्सेनिकचेच रंग. देखाव्यावरची धूळ तोंडाने फुंकू नका. हातमोजे आणि मास्क घाला, मऊ कोरड्या ब्रशने काम करा, खाली अंथरलेला कागद टाकून द्या, हात धुवा, मुलांना लांब ठेवा. समुद्राचं कापड आणि पानं यांना पाणी तर अजिबात लागू देऊ नका, रंग निघून येतो.

संगीताच्या यंत्रात दोष निघाला तर

देखावा सोडवूनही गाणं थकत असेल तर पहिला संशय जुन्या तेलाचा. स्प्रिंगच्या डबीतलं वंगण गोंदासारखं होतं आणि वेढे एकमेकांना चिकटतात. पंख्याच्या उभ्या पेचाच्या टोकाशी तर तेलाचा एक वाळलेला कणही पुरे होतो, कारण तिथे वेग सर्वाधिक आणि ताकद सर्वांत कमी. या पेचाचं टोक वर एका छोट्या खड्यावर (रत्नावर) टेकतं. खड्यात खळगा पडला असेल, किंवा पेचाच्या आट्या झिजून धारदार झाल्या असतील, तर कितीही सफाई केली तरी काही महिन्यांत तक्रार परत येणारच. वारंवार येणाऱ्या तक्रारीत खडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नये.

तेल घालायचं ते घड्याळाचंच, थेंबाहूनही कमी, आणि फक्त दांड्यांच्या टोकांना नि पेचाला. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंजावर मारायचे फवारे यांतलं काहीही नको. फणीला आणि तिच्या खालच्या बारीक तारांना तेल लावू नये. या तारा म्हणजे दाताचा कंप पिन लागण्याच्या क्षणी शांत करणारे डँपर. तेलाने त्या चिकटतात आणि किचकिच आवाज वाढतो.

सिलिंडर द्रावणात बुडवू नका, अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नका आणि तापवू नका. पिना आतून राळेच्या मिश्रणाने घट्ट धरलेल्या असतात. उष्णतेने राळ वितळते, अल्कोहोलने सुटते, आणि सैल पिना पुन्हा बसवणं हे महिनोन् महिन्यांचं काम आहे. फणीच्या खर्जाच्या दातांखाली शिशाची वजनं असतात. ती पांढरी पडून फुगली असतील तर शेजारचे दात एकमेकांना टेकतात. ती पूड विषारी असते आणि हा भाग घरी करण्याचा नाही.

जाड स्प्रिंगबद्दल पुन्हा एकदा: नको. घर्षण तसंच ठेवून ताकद वाढवली की झीज वाढते, आणि कधी पंख्याचा पेच निसटला तर सिलिंडरचा नाश आणखी वेगाने होतो.

घड्याळ आणि संगीत यांच्यामधली तार

फ्रेंच घड्याळ तासाचे टोले देतं आणि अर्ध्या तासाला त्याच घंटेवर एक टोला. संगीत मात्र तासालाच सुटायला हवं, म्हणून तास ओळखणारी एक तार किंवा भुजा घड्याळातून खाली येते आणि संगीताचा खटका उचलते. ही तार वाकवून 'जमवलेली' असते. ती कमी उचलते तेव्हा खटका अर्धवट सुटतो, सिलिंडरच्या चाकाला घासत राहतो आणि गाण्याला ब्रेक लागल्यासारखं होतं. ती जास्त उचलते किंवा खाली परतत नाही तेव्हा गाणं थांबतच नाही. तार वाकवण्याआधी तिचा सांधा स्वच्छ करा. बऱ्याचदा ती फक्त मळाने अडकलेली असते.

टोलेही मंदावले असतील तर तारेचं ओझं टोल्यांच्या यंत्रावर पडतंय. जुन्या घड्याळांत टोल्यांची संख्या मोजणीच्या चाकावर ठरते. काटे पुढे नेताना प्रत्येक तासाला टोले पूर्ण होऊ दिले नाहीत तर टोले आणि काटे यांची फारकत होते. ती दुरुस्त करायची तर टोल्यांचा खटका हाताने उचलून टोले पुढे न्यायचे, काटे मागे फिरवून नाही.

पावसाळा आला की मुंबई-कोकणातल्या घरांतून हीच तक्रार वाढते, त्याला कारण आहे. पिळाच्या सुती दोऱ्या दमट हवेत आखडतात, समुद्राचं कापड आणि त्याचा गोंद ओलावा धरतो, आणि १८४० च्या ब्रोको पद्धतीआधीच्या (लंबक पोलादी पट्टीला टांगायची पद्धत) घड्याळांतला लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला असतो, त्याची लांबी हवेनुसार बदलते. म्हणून एखाद्या घड्याळाचा ताण जूनमध्ये जुळवला तर तो जानेवारीत सैल पडेल. जमलं तर कोरड्या हवेत, साधारण ५० टक्के आर्द्रतेला काम करा. घुमटाखाली ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या तर देखाव्याला न टेकता, आणि वेळोवेळी बदलून.

सगळं जोडल्यावर चाचणी घुमट लावूनच करा. शिडाचं टोक, कड्यावरचं झाड किंवा फितीचा जोड काचेला जेमतेम घासत असेल तर ते घुमटाशिवाय कळत नाही. पूर्ण चावीपासून आपोआप थांबेपर्यंत काही दिवस चालवा आणि पहिल्या चित्रीकरणाशी ताडून पाहा. घड्याळ हलवायचं असेल तर गाणं शेवटापर्यंत वाजू द्या. मध्येच थांबलेल्या सिलिंडरच्या पिना दातांखाली अडकलेल्या असतात आणि प्रवासातल्या एका धक्क्याने दात मोडतो. गाणं संपल्यावर संगीताची स्प्रिंग उतरवा, लंबक काढून वेगळा गुंडाळा, घुमट वेगळ्या खोक्यात घाला. घुमटाची कुठली बाजू पुढे होती ते लाकडी तळावर पेन्सिलने खुणावून ठेवा, कारण जुने घुमट अगदी सारखे गोल नसतात आणि उलटे बसवले की शिडाला लागतात.